आमची वाटचाल: निदान त्यांचं, काम आमचं, मोजमाप तिसऱ्याचं

आमची फर्म मूळची इमारत दुरुस्तीची. सुरुवात लालबाग-परळच्या चाळींतून झाली. तुळयांना वाळवी, मोरीखाली गळती, गॅलरीचे सुटलेले कठडे, कामाला तोटा नव्हता. मी माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा डिप्लोमावाला, भागीदार हिशेबाचा पक्का. चाळ कमिटीला तेव्हा एकच माणूस हवा असे. हातोडीने ठोकून प्लास्टर कुठे पोकळ वाजतंय ते आम्हीच बघायचं, अंदाजपत्रक आम्हीच लिहायचं, टेकू लावून तुळईही आम्हीच बदलायची आणि शेवटी बिलाची मापंही आम्हीच घ्यायची. लोकांना ते सोयीचं वाटे. आम्हालाही वाटे, खोटं कशाला बोला.

पुढे आरसीसी इमारतींची कामं येऊ लागली. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो. तो काँक्रीटचा दर्जा तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्या करून घेतो, सळया किती गंजल्यात ते तपासतो आणि इमारत कुठल्या वर्गात बसते ते लिहून देतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, मधले दोन वर्ग मोठ्या दुरुस्तीचे. तेव्हापासून निदान आमच्या हातून गेलं, आणि ते बरंच झालं. आजही एखादे सेक्रेटरी म्हणतात, "ऑडिट तुम्हीच करा ना साहेब, दोन-दोन फिया कशाला?" आम्ही नाही म्हणतो. जॅकेटिंगचे, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर चढवण्याचे, पैसे ज्याच्या खिशात जाणार, त्यानेच किती कॉलमना जॅकेटिंग हवं हे का ठरवावं? या नकारापायी कामं गेली आहेत. समोरच्याने ऑडिटसकट दर दिला आणि काम घेऊन गेला.

नव्या बांधकामात आम्ही पुनर्विकासाच्या लाटेत शिरलो, छोट्या इमारतींची आरसीसी कामं घेऊन. तिथे माणसं वाढतात. आर्किटेक्ट आराखडा करतो. आयओडी (आराखड्याची अटींसह मंजुरी), सीसी (काम सुरू करण्याची परवानगी) आणि शेवटी ओसी (राहायला जाण्याचा दाखला) यांची धावपळ त्याच्याकडे किंवा लायसन्स्ड सर्व्हेयरकडे. बोअर घेऊन जमिनीचा रिपोर्ट येतो, त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअर पाया आणि सळया ठरवतो. सोसायटीच्या बाजूने पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार, लक्ष ठेवते. रेरा, म्हणजे घर खरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, लागू असलेल्या प्रकल्पात फ्लॅट घेणाऱ्यांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए या तिघांच्या दाखल्यांशिवाय ते काढता येत नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मात्र सगळेच सरसकट 'इंजिनिअरसाहेब'.

यात सगळ्यात कमी पगार आणि सगळ्यात जास्त बोलणी कोणाला, तर साइट इंजिनिअरला. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी त्याला बघा. हातात ड्रॉइंग, खाली मुकादम, वर फिटर. रिंगांचे हूक १३५ अंशांत वळलेत का, सळईखाली अंतर राखणारे कव्हर ब्लॉक सरकलेत का, हे तो वाकून बघत असतो. छज्जाच्या सळया वरच्या बाजूला असतात, कारण ताण तिथेच येतो. इलेक्ट्रिशियनची पोरं पाइप टाकायला येतात, त्याच सळयांवरून चालतात आणि जाळी खाली दबते. वरून फरक दिसतही नाही, पण असा छज्जा पुढे टेकू काढताच खाली येऊ शकतो. म्हणून खाली चेअर, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार, आणि वर चालायला फळ्या, हा आमच्या साइटवरचा नियम. फिटरचं काम सळई बांधण्याचं; ती ड्रॉइंगप्रमाणे आहे यावर सही इंजिनिअरची. सही झाल्याशिवाय पहाटे आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी मागवायची नाही.

गाडी आली की स्लंप, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते, बघायचा आणि ताकद तपासण्यासाठी १५० मिलिमीटरचे क्यूब भरायचे. ३० घनमीटरच्या स्लॅबला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान तीन नमुने, प्रत्येकाचे तीन क्यूब. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू त्याच मानकानुसार १४ दिवस ठेवावे लागतात, आणि आठवड्यातच डेव्हलपरचा माणूस येऊन साच्याच्या पत्र्यांबद्दल सांगतो, "प्लेटा सोडा, वरच्या मजल्याला हव्यात." एका डेव्हलपरने तर यावरून आमचं बिल अडकवून ठेवलं होतं. तेव्हापासून टेकू कधी निघणार हे आम्ही करारातच लिहून घेतो, आणि प्लेटांचा एक जादा संच स्वतःच्या खर्चाने ठेवतो. भागीदार अजून त्या खर्चावरून कुरकुरतो.

आज आम्ही फक्त कॉन्ट्रॅक्टर आहोत. ऑडिट करत नाही, पीएमसी घेत नाही. बिलाची मापं पीएमसीचा माणूस आमच्यासमोर टेप धरून घेतो आणि दोघांच्या सह्या मेजरमेंट बुकात होतात. दुरुस्तीसाठी बोलवायचं असेल तर ऑडिट रिपोर्ट आणि कन्सल्टंटने काढलेलं बीओक्यू, म्हणजे कामांची आणि मापांची यादी, तयार ठेवा. नसेल तर आधी ते करून घ्या. आम्ही दर त्यानंतरच देतो.