हजर 38, पोचली 37

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं आणि दोन दिवस ते टेबलावर तसंच पडून होतं. लिहायचं तर घंटेखालचा ओटा आहे, कवठाचं झाड आहे, टाकीची ती गळकी तोटी आहे. पण पेन उचललं की बाईच समोर येतात. आमच्या वेळच्या मुलांना नाव सांगायला नको. नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. बाकीच्या सगळ्या अमक्या बाई, तमक्या बाई.

1972 चा दुष्काळ. मी चौथीत होतो. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, आई त्यांच्या मागे पाट्या वाहायला. घरात रेशनची मिलो म्हणजे परदेशी लाल ज्वारी, तिची ती लाल भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. अशात शाळेत सुकडी यायची. तिचा गुळाचा वास वर्गात शिरला की पाढे म्हणता म्हणता जीभ अडखळायची.

वाटप बाईंकडे होतं. जर्मनची एक वाटी, ती भरायची, वरून बोट फिरवून सपाट करायची आणि पोराच्या हातातल्या कागदावर ओतायची. कोणाला चिमूटभर जास्त नाही, कोणाला कमी नाही. बाईंचा धाकटा आमच्याच वर्गात. तो रोज रांगेत शेवटी. आम्हाला वाटायचं त्याला शेवटी उभं राहायला आवडतं. (इतके आम्ही शहाणे.)

एके दिवशी मी पहिल्या खेपेची सुकडी तोटीजवळ उभ्या उभ्या संपवली, तोंड पुसलं आणि पुन्हा रांगेत घुसलो. माझा नंबर आला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टावर, इथे तिसऱ्या गुंडीजवळ, सुकडी सांडलेली होती, हे मला नंतर दिसलं. बाईंनी वाटी भरली, बोट फिरवलं, ओतली.

धाकट्याची पाळी आली तेव्हा डबा रिकामा. बाईंनी डबा उलटा करून बुडावर दोनदा थापटलं. काही पडलं नाही. त्याने हात चड्डीला पुसले आणि विटीदांडू खेळायला पळाला.

मी मॉनिटर. वाटपाची वही ऑफिसात नेऊन द्यायचं काम माझं. जाताना उघडली. बाईंच्या त्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘हजर 38. वाटप 38 वाट्या. पोचली 37 मुलांना. चूक माझी.’ खाली सही.

सहज ‘हजर 38, वाटप 38’ लिहून विषय संपला असता. कोण विचारणार होतं?

माझी आजी शाळेत घालताना म्हणाली होती, ‘मिशनची शाळा आहे, पोरगं बाटवतील.’ नगरात मिशन आलं 1831 मध्ये, मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 मध्ये इथूनच सुरू झालं, ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचं वास्तव्य इथलंच; तरी आमच्या गल्लीत ही धास्ती होतीच. सकाळच्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘होय तर होय, नाही तर नाही’ कानावर पडायचं, तेवढंच. रविवारी बाई इस्त्रीच्या सुती पातळात उपासनेला जाताना दिसायच्या, वाटेत भेटणाऱ्या त्यांच्या लोकांना ‘सलाम’ म्हणायच्या, आम्हाला ‘काय रे, गणितं केली का?’ येशूबद्दल त्या वर्गात कधी चार वाक्यं बोलल्याचं आठवत नाही. मला येशू थोडाफार कळला असेल तर तो त्या वहीतल्या ‘चूक माझी’मधून. आजीला हे सांगितलं असतं तर तिने मला शाळेतून काढलं असतं.

पुढे मी बँकेत लागलो, चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा ऑडिटला. माझ्या हाताखालची मुलं मला घाबरायची असं म्हणतात, मी ते खोटं म्हणणार नाही. कॅशला असताना एकदा पाचशे रुपये कमी भरले. शेजारचा म्हणाला, उद्या जुळवू. मी रजिस्टरला लिहिलं आणि पगारातून भरले. बायको आठवडाभर बोलली नाही.

आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेवर नगरच येतं. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. खिचडीची नोंद कशी करता म्हणून तिला विचारलं. म्हणाली, ‘मामा, मोबाईलवर आकडा भरायचा, झालं.’ शेरा कुठे लिहिता, यावर ती हसली. आपल्या शाळेतली ती वहीही केव्हाच रद्दीत गेली असं ऑफिसातून कळलं. बारदानात बांधून ठेवायला काय जात होतं?

1998 च्या नाताळात धीर करून बाईंच्या घरी गेलो. निवृत्त होऊन वर्षं झाली होती, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. मी सांगून टाकलं. बाई शांत ऐकत होत्या.

‘मला दिसलं होतं रे. तुमच्या घरी काय चाललंय तेही माहीत होतं.’

‘मग तुम्ही चूक माझी असं का लिहिलंत?’

‘पाहिलं आणि थांबवलं नाही, ते कोणी? मीच ना? मग दुसऱ्या कोणाची लिहू?’

‘आणि धाकटा?’

‘त्याला घरी भाकरी होती.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘त्या दिवशी माझ्यावर रुसला होता मात्र.’

एवढं बोलून त्या आत गेल्या. भिंतीला हात लावत लावत फराळाची बशी घेऊन आल्या. बशीत दोन करंज्या होत्या. मी एक उचलून खाल्ली, दुसरी तशीच ठेवली.

‘घे,’ बाई म्हणाल्या, ‘आज मोजून दोनच दिल्यात.’