तुम्ही विचारलंत म्हणून: ऐरोलीहून रबाळ्याला जायला सिंगापूर कशाला?

"मॅडम, आमच्या कंपनीचा सर्व्हर रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये आहे, मी ऐरोलीत बसतो. लोकलचं पुढचंच स्टेशन. मग पिंग ५८ का?"

मी इथल्या एका छोट्या आयएसपीचं, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं, नेटवर्क सांभाळते. त्यामुळे लिफ्टमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर, भाजी घेताना, कुठेही हाच प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक आयटीतलेच, त्यामुळे पिंग आणि आयपी म्हणजे काय हे सांगत बसत नाही. पण आजवर उत्तर तुकड्यातुकड्यांत दिलं आणि दर वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर 'टाळतायत' असं उमटलं. आता एकदाच सगळं सांगते. माझी बाजू त्यात लंगडी पडते तिथेही.

आधी त्या ५८ चा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागलेल्या ५८ मिलिसेकंदांचा, हिशेब करा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २००. घरचा वायफाय, ओएनटी (घरात फायबर जिला जोडलेली असते ती पेटी), आमची यंत्रं यांचे मिळून चारेक मिलिसेकंद सोडा. उरले ५४. हे रात्री तीन वाजताही ५४ च असतात. गर्दीचा उशीर पहाटेपर्यंत उतरतो, अंतराचा उतरत नाही. तेव्हा ५४ गुणिले २००, म्हणजे जाऊन-येऊन फार तर १०,८०० किलोमीटर. न्यूयॉर्क एका बाजूलाच साडेबारा हजारांवर आहे, ते बाद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९००, जाऊन-येऊन ७,८००. समुद्रातली केबल सरळ जात नाही, दोन्ही टोकांना जमिनीवरचे फेरे असतात. जुळतं.

आता तुम्ही घरून ट्रेसराउट, म्हणजे पॅकेट (डेटाचं छोटं पुडकं) कुठल्या राउटरांतून गेलं त्या टप्प्यांची, हॉपची, यादी काढता आणि मला दाखवता, "बघा, सगळे हॉप मुंबईचे! सिंगापूर कुठाय यात?" बरोबर आहे, नाहीच. तुमचं पॅकेट ऐरोलीहून रबाळ्याला मुंबईतूनच जातं, दीड-दोन मिलिसेकंदात. सिंगापूरला जातं ते उत्तर. ट्रेसराउट जाण्याचा रस्ता दाखवतो. येण्याचा रस्ता त्याला दिसत नाही, फक्त त्याचा वेळ आकड्यात येऊन बसतो. म्हणूनच पहिले चार हॉप ३ दाखवतात, आणि पाचव्याच्या नावात मुंबई असूनही तो एकदम ५७ दाखवतो. त्या पाचव्या राउटरचं उत्तर तुमच्याकडे सिंगापूरवरून येतं. (मधल्या एखाद्या हॉपवर ४० टक्के लॉस (गळालेली पॅकेट) दिसतो, त्याचेही स्क्रीनशॉट येतात. शेवटच्या हॉपवर शून्य असेल तर ते सोडून द्या. राउटर पुढे ढकलायचं काम हार्डवेअरने करतो आणि पिंगला उत्तर द्यायचं काम फावल्या वेळात.)

उत्तराचा रस्ता आम्ही ठरवत नाही. हे वाक्य लिहिताना मलाच सबब वाटते, पण ते शब्दशः खरं आहे. नेटवर्क आपापसांत रस्ते सांगतात ते बीजीपीने. त्यात किलोमीटर हा रकानाच नाही. एकाच पत्त्याच्या गटाकडे जाणारे दोन रस्ते ऐकू आले, तर राउटर आधी लोकल प्रेफरन्स बघतो. तो आकडा ज्याने त्याने आपल्या घरात ठरवायचा असतो, आणि त्यात पैशाचा हिशेब असतो: जो आपल्याला पैसे देतो त्या ग्राहकाकडून आलेला रस्ता सगळ्यात वर, बरोबरीच्याकडून फुकट आलेला मधे, ज्याला आपण पैसे देतो त्याचा तळाला. तिथे बरोबरी झाली तरच पुढे एएस पाथ, म्हणजे वाटेतल्या नेटवर्कांच्या (एएसच्या) नंबरांची यादी, किती लांब ते बघतात.

आमच्यासारख्या छोट्या आयएसपीला वरून, म्हणजे मोठ्या पुरवठादारांकडून, दोन जोडण्या आहेत, त्यांना अ आणि ब म्हणू. रबाळ्याची होस्टिंग कंपनी एका परदेशी कॅरियरकडून इंटरनेट घेते. अ हा त्याच कॅरियरचा ग्राहक आहे, पण त्यांची जोडणी सिंगापुरात. ब आणि तो कॅरियर मुंबईत बरोबरीने भेटतात. कॅरियरला आमचे पत्ते दोन्हीकडून ऐकू येतात, आणि तो ग्राहकाचा रस्ता उचलतो, म्हणजे सिंगापूर. कळव्याहून ऐरोली हाकेवर आहे, तरी लोकलने जायचं तर ठाण्याला उतरून फलाट बदलावा लागतो, कारण गाड्या तिथेच भेटतात. तसंच हे. फरक एवढाच की इथे मुंबईतही एक फलाट आहे, पण त्यावर उतरण्यात कॅरियरला कमाई नाही.

"मग एक्स्चेंजला जोडा ना." एक्स्चेंज म्हणजे नेटवर्कं एकमेकांना थेट भेटतात ती जागा. त्यातलं निक्सी २००३ पासून आहे, खासगी एक्स्चेंजही आहेत, आमचा एका ठिकाणी पोर्ट आहे. दोन नेटवर्कांनी एकाच एक्स्चेंजवर असणं पुरत नाही, एकमेकांशी बीजीपी बोलणंही लागतं. होस्टिंगवाल्यांनी आमच्यासारख्या लहानाशी वेगळं सेशन लावायला नकार दिला. त्यांना दोष देत नाही. आमचा ट्रॅफिक त्यांच्या दृष्टीने चिल्लर आहे.

तर आम्ही काय केलं. पहिला प्रयत्न प्रीपेंडचा: अ कडे जाहिरात करताना, म्हणजे 'हे पत्ते आमच्याकडे' असं सांगताना, आपला एएस नंबर तीनदा जास्त लावायचा, म्हणजे तो रस्ता लांब दिसेल. आठवडाभर ठेवला. ५८ चे ५८. वरचा क्रम परत वाचा, का ते कळेल: लांबी बघायची वेळच येत नाही, लोकल प्रेफरन्सवर निकाल लागलेला असतो.

दुसरा प्रयत्न चालला, आणि तोच अंगाशी आला. आमच्याकडे एक स्लॅश २२ आहे, म्हणजे १,०२४ पत्ते. त्याचे चार स्लॅश २४ होतात, २५६ पत्त्यांचे. सिजीनॅट (एक सार्वजनिक पत्ता अनेकांनी वाटून घेणं) असल्याने एकेका पत्त्यामागे पुष्कळ घरं. दोन रस्त्यांत एक बारीक तुकड्याचा आणि एक मोठ्या गटाचा असेल, तर बारीक तुकडा जिंकतो. तिथे लोकल प्रेफरन्सही चालत नाही, कारण राउटरच्या दृष्टीने ते दोन वेगळे गट आहेत. ऐरोली-घणसोलीची घरं ज्या स्लॅश २४ मागे होती, तो एक तुकडा आम्ही फक्त ब कडून जाहीर केला. स्लॅश २२ दोन्हीकडून होताच. दहा मिनिटांत पिंग ४ वर आला. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस.

ब कडचा पोर्ट एक गिगाबिटचा. त्या तुकड्याचा संध्याकाळचा ट्रॅफिक सहाशे-सातशे मेगाबिट. ३०० ची जागा शिल्लक, असा माझा हिशेब. तोपर्यंत आणखी एक गोष्ट केली होती. ब पर्यंतच्या वाटेत एक मेट्रो इथरनेट स्विच आहे, त्यामुळे पलीकडे फायबर तुटली तरी आमचा पोर्ट हिरवाच राहतो आणि बीजीपीला कळायला होल्ड टाइमभर, म्हणजे १८० सेकंद लागतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जेसीबी कधी खोदेल याचा नेम नाही. म्हणून टायमर ६०/१८० वरून १०/३० केला. दहा सेकंदांनी एक कीपअलाइव्ह ('मी आहे' असा संदेश), तीस सेकंद काही आलं नाही तर सेशन तोडायचं. कागदावर शहाणपणाचं.

मग एका रविवारी क्रिकेटचा सामना आणि फोनचं मोठं अपडेट एकत्र आले. सव्वानऊला ब चा पोर्ट भरला. ब च्या टोकाला ठरलेल्या गतीवरचं सगळं कापलं जातं. बीजीपीचे संदेश त्याच नळातून येतात. त्यांच्यावर सीएस६ ची, म्हणजे 'आधी जाऊ द्या' अशी, खूण असते, पण मधला स्विच ती खूण पाळत नव्हता, व्हिडिओचं पॅकेट आणि कीपअलाइव्ह त्याला सारखेच. कीपअलाइव्ह गळाला की टीसीपी तो परत पाठवतो, पण दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. तीस सेकंद असेच गेले. सेशन तुटलं, स्लॅश २४ मागे घेतला गेला, आणि जग स्लॅश २२ धरून अ कडे वळलं. वळायला मिनिट-दीड मिनिट, त्या वेळात काही घरं अंधारात. ब चा नळ मोकळा झाला. मोकळा झाला म्हणून सेशन परत उभं राहिलं. उभं राहिलं म्हणून स्लॅश २४ परत जाहीर झाला. ट्रॅफिक परत आला, नळ भरला, कीपअलाइव्ह गळाले.

एक फेरा सहा-सात मिनिटांचा. साडेदहापर्यंत अकरा फेरे. लॉगमध्ये दर वेळी एकच ओळ: होल्ड टाइम संपला. ती ओळ वाचून कुणालाही फायबरचाच संशय येतो, म्हणून पहिला अर्धा तास ऑप्टिकल पॉवर (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद) बघण्यात गेला. ती स्थिर, एरर काउंटर शून्य. फायबर ठणठणीत होती. ट्रॅफिकच्या आलेखावर करवतीचे दात दिसले तेव्हा कळलं की ही तुटण्याची गोष्ट नाही, भरण्याची आहे.

तिकडे हेल्पलाइनवरची मुलं नेहमीप्रमाणे सांगत होती, "राउटर बंद करून चालू करा." राउटर उठायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात फेऱ्यातला चांगला भाग सुरू होई आणि नेट चाले. त्या रात्री अनेक घरांची पक्की समजूत झाली की दोष राउटरचा होता. काहींनी दुसऱ्या दिवशी नवा घेतला. आणि काही साइट मात्र एकदाही अडल्या नाहीत. कारण शोधल्यावर मौज वाटली: काही नेटवर्कांत अजूनही फ्लॅप डॅम्पिंग चालू होतं. सारखा ये-जा करणारा रस्ता ते काही काळ दाबून ठेवतात. त्यांनी आमचा स्लॅश २४ दाबला आणि निमूट स्लॅश २२ वापरला. म्हणजे ज्यांनी आमचं ऐकलं नाही, त्यांच्याशी आमचं नीट चाललं.

पावणेअकराला स्लॅश २४ मागे घेतला. शांतता. पिंग ५८.

चूक नळ लहान असण्याची होती असं तेव्हा सगळे म्हणाले, मीही म्हटलं. आज ते अर्धंच वाटतं. मला हवा होता एका होस्टिंग कंपनीकडून येणारा, मोजून चाळीस-पन्नास मेगाबिटचा ट्रॅफिक. जाहिरात मात्र केली साऱ्या जगाला, आणि जगाने तिचा मान राखला: व्हिडिओ, गेम, अपडेट, सगळं त्या एका तुकड्यामागे ब कडे आलं. बारीक तुकड्याचा हा जोर काही नवा नव्हता. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला एक स्लॅश २४ लावला, तो बाहेर निसटला आणि यूट्यूबचा स्वतःचा स्लॅश २२ जगभर हरला. हे मी नव्या मुलांना शिकवत होते. आपण करतोय तेही तेच, हे सुचलं नाही.

तरी त्या वेळच्या माझी थोडी बाजू घेते. 'बीएफडी (जोडणी तुटली की क्षणात ओळखणारी सोय) लावला असता तर?' असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. भरलेल्या नळात बीएफडी तीस सेकंदांऐवजी एका सेकंदात मेला असता, फेरे वाढले असते. 'पोर्ट दहा गिगचा घ्यायचा होता.' घेतला, नंतर. त्याचा महिन्याचा खर्च तुमच्या बिलात आला, तेव्हा ग्रुपवर काय लिहिलं गेलं ते आठवत असेल.

टायमर परत ६०/१८० केला. हे मला आजही पटत नाही, जेसीबी अजून आहेतच. आता मार्ग कम्युनिटीचा वापरतो: अ कडे जाहिरात करताना एक आकडी खूण जोडायची, तिचा अर्थ 'हा गट त्या परदेशी कॅरियरला सांगू नका'. अ ती खूण पाळतो. कॅरियरला आमचा पत्ता मग फक्त ब कडून ऐकू येतो आणि उत्तर मुंबईतूनच फिरतं. बाकी जगाला काही फरक नाही. सहा महिन्यांपूर्वी हे का केलं नाही? अ च्या कम्युनिटीची यादी मागायला एक मेल पुरला असता. स्लॅश २४ साठी कुणाला विचारावं लागत नव्हतं, एवढंच खरं उत्तर आहे.

म्हणजे प्रश्न सुटला? ज्यांचा सर्व्हर त्या कंपनीकडे आहे, त्यांचा पिंग ४-५. दुसऱ्या होस्टिंगवाल्याकडे असेल तर तो कुणाकडून इंटरनेट घेतो, तो वरचा अ ला कुठे भेटतो, यावर पुन्हा सगळं. प्रत्येकासाठी वेगळी खूण लावत बसायचं काय, यावर आमच्याकडेच दोन मतं आहेत.

त्यामुळे यापुढे विचाराल तेव्हा घरचा एकटा ट्रेस आणू नका. सर्व्हरवर लॉगिन असेल तर तिकडून तुमच्या घराच्या दिशेने काढलेला ट्रेस आणा. घरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल तर तो नको, बाहेर दिसणारा सार्वजनिक पत्ता द्या. वेळ लिहा, आणि एक पहाटेचा, एक रात्री नऊचा असे दोन काढा. सेक्टर आठमधल्या एका काकांनी परवा असा नीट जोड आणला. खूण लावलेली आहे, अ म्हणतो पाळतो आहे, आणि तरी त्यांच्या परतीच्या ट्रेसमध्ये चौथ्या हॉपला सिंगापूर दिसतं. मेल टाकली आहे.