स्वस्त सिंथ निवडताना मी आधी गंधार तपासते

माझं बरंचसं काम एकांकिकांच्या पार्श्वसंगीताचं. स्पर्धेच्या नाटकाचे पैसे नेपथ्यात आणि प्रवासातच संपतात. ध्वनीसाठी जे काही हवं ते माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, जवळपास फुकटात उभं राहावं लागतं. नाटकातली मुलं विचारतात, ‘ताई, कुठला सिंथ घेऊ?’ सिंथ म्हणजे सिंथेसायझर, इथे लॅपटॉपवर आवाज घडवणारं सॉफ्टवेअर. त्यांनी सीरम या सिंथचं नाव ऐकलेलं असतं. सीरम उत्तमच आहे, पण २०१४ मध्ये तो १८९ डॉलरला बाजारात आला होता. पहिलीच एकांकिका करणाऱ्या मुलाला मी तेवढा खर्च करायला सांगणार नाही. चोरीची प्रत तर नाहीच नाही. तीही कुणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या मेहनतीची चोरी आहे.

माझी पहिली कसोटी अशी, की सिंथमध्ये स्वर आपल्याला हवे तसे लावता येतात का? सिंथच्या याद्यांमध्ये प्रीसेट (तयार आवाज) किती, इफेक्ट किती हे असतं, पण स्वर लावण्याविषयी क्वचितच कुणी लिहितं. आपल्या कानाला मात्र याचीच गरज जास्त.

तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा स्वरांश (मूळ स्वरासोबत तारेतून निघणाऱ्या सूक्ष्म स्वरांपैकी एक). एका सप्तकात आणला तर षड्जाशी त्याचं नातं ५/४, म्हणजे साधारण ३८६ सेंट (कीबोर्डच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). कीबोर्डचा गंधार ४०० सेंटवर असतो. तब्बल १४ सेंट चढा! पंचमात फरक जेमतेम २ सेंटचा, तो टोचत नाही. पियानोचा आवाज विरत जातो, त्यामुळे तिथे चढा गंधारही खपून जातो. पण सिंथवर सॉ-टूथचा (करवतीच्या दात्यांसारख्या लाटेचा) सूर मिनिटभर धरून ठेवला आणि फिल्टर (वरचे स्वरांश कापणारा भाग) उघडा असला, की षड्जाचा पाचवा स्वरांश आणि गंधाराचा चौथा स्वरांश अगदी जवळ येऊन एकमेकांशी भांडू लागतात. मध्य सप्तकात पांढरी एकचा सा धरला तर ही थरथर सेकंदाला सुमारे दहा वेळा होते. प्रवेशात भीती हवी असेल तर ती कामाची आहे. आजी देवघरात बसली असेल तिथे नको.

डॉ. विद्याधर ओकांना बावीस श्रुतींसाठी वेगळी हार्मोनियम घडवावी लागली. सिंथला निदान बारा स्वर शुद्ध नात्यात लावायला एक छोटी टेक्स्ट फाइल पुरते.

म्हणून माझी निवड सर्ज एक्सटी. सर्ज मुळात विकत मिळायचा. क्लॅस योहान्सन यांनी २०१८ मध्ये त्याचा कोड खुला केला, मग स्वयंसेवकांनी तो वाढवत नेला आणि २०२२ मध्ये सर्ज एक्सटी आला. पूर्ण मोफत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. त्याच्या ट्यूनिंगच्या मेनूतून एससीएल फाइल, म्हणजे स्वरांची नाती लिहिलेली ती टेक्स्ट फाइल, उघडता येते. फाइल नोटपॅडमध्ये स्वतः लिहा: पहिल्या ओळीत नाव, दुसरीत १२, आणि पुढे एकेका ओळीत १६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१. आकडे अर्थातच इंग्रजी. षड्ज लिहायचा नाही, तो गृहीत असतो. कोमल स्वर रागाप्रमाणे बदला. त्यासाठी मी वेगवेगळ्या फाइली ठेवते.

सर्जचा चेहरा मात्र नवख्याला घाबरवतो. शिकण्यासाठी मी आधी व्हायटल हा सिंथ घ्यायला लावते. मॅट टायटल यांनी तो २०२० मध्ये आणला. मोफत आवृत्तीतही इंजिन तेच. पैसे भरले की प्रीसेट आणि वेव्हटेबल (लाटांचे संच) जास्त मिळतात. एलएफओ (नॉब आपोआप हलवणारी संथ लाट) ओढून फिल्टरच्या नॉबवर सोडला की नॉबभोवतीचं वर्तुळ हलताना दिसतं, लाट डोळ्यांसमोर आकार बदलते. आवाज कुठून निघाला, कुठे वळला हे डोळ्यांना समजलं की कानालाही लवकर समजतं. लॅपटॉप जुना असेल तर एकावेळी वाजणारे आवाज कमी ठेवा.

तानपुऱ्याच्या जवारीचा, म्हणजे झंकाराचा, भास करायचा तर प्रीसेट शोधू नका. सर्जमध्ये ‘इनिट सॉ’ हा कोरा पॅच उघडा, लो-पास फिल्टरचा रेझोनन्स (कापण्याच्या जागेवरचा जोर) वाढवा आणि एन्व्हलपने (वेळेनुसार बदल घडवणाऱ्या भागाने) कटऑफ, म्हणजे कापण्याची जागा, हळूहळू खाली आणा. फिल्टरचं टोक एकेका स्वरांशावरून सरकतं आणि प्रत्येक स्वरांश क्षणभर उजळतो. घोडीवर घासणाऱ्या तारेची बरोबरी यात नाही, पण नाट्यगृहाच्या स्पीकरमधून त्याने अंगावर काटा येतो.

देवळाच्या घंटेसाठी डेक्स्ड. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ च्या धर्तीवरचा हा मोफत एफएम (एका लाटेने दुसरी लाट हलवणारा) सिंथ, सहा ऑपरेटरांचा, म्हणजे सहा लाटांचा. दोन ऑपरेटरांचं नातं १ : १.४ असं अपूर्णांकात ठेवलं की स्वरांश सुरात बसत नाहीत आणि धातू ऐकू येतो.

विकतचं घ्यायचंच तर यू-हे या कंपनीचा डिव्हा हा सिंथ घ्यावा असं मला मनापासून वाटतं, इतका त्याचा आवाज ऊबदार आहे. पण तो प्रोसेसर खातो; ‘डिव्हाइन’ मोडमध्ये तर फारच. आधी डेमो आपल्याच मशीनवर चालवून पाहा.

आणि गायक सोबत असेल तर केबीएम फाइल (षड्ज कुठल्या पट्टीवर ते सांगणारी) विसरू नका, कारण वरची एससीएल फाइल षड्ज पांढरी एकवरच धरते. काळी चारसाठी केबीएममध्ये मूळ पट्टी आणि संदर्भाची पट्टी दोन्ही ५६ (त्या पट्टीचा मिडी, म्हणजे कीबोर्डवरचा, क्रमांक), कंपनसंख्या २०७.६५. मग सा-प धरून ठेवा आणि गायकाला गंधार लावायला सांगा.