साडेसात टनांच्या आतलं घर

मुरबाडच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर ट्रकच्या चासीवर बांधलेल्या आमच्या घराचं दार अडकलं. पुढचं डावं चाक खड्ड्यात, उजवं दगडावर, मागची दोन्ही सपाट जमिनीवर. दार उघडेना. जोर लावून उघडल्यावर दिसलं, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातला जोड तडकला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही ऐरोलीचे. जुना ट्रक घेऊन त्यावर खोली बसवायची, हा माझा पहिला बेत. पण आरसी बुकात एक आणि रस्त्यावर दुसरंच, असं करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. म्हणून केबिनसकट नवी चासी, म्हणजे ट्रकचा चाकं-इंजिनासह सांगाडा, घेतली आणि मोटर कॅराव्हॅनची, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीची, मंजुरी असलेल्या बॉडीवाल्याकडून नुसता डबा बांधून घेतला. एआयएस-१२४ या कॅराव्हॅनच्या मानकात झोपायची, बसायची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय पक्की बसवलेली लागते, तेव्हा आतला नकाशा आधीच ठरला. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत ठेवलं, म्हणजे माझं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स चालतं.

चूक डब्याखालच्या फ्रेममध्ये होती. बॉडीवाल्याने ती चासीला पुढून-मागून घट्ट आवळली होती. तुर्भ्याच्या एका मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, चासी वळायलाच केलेली असते. खोली वळत नाही. दोघींना एकत्र बांधलं की कमजोर जागा फाटणारच." ट्रकची चासी शिडीसारखी असते, खड्ड्यात पीळ घेते. सामानाच्या हौद्याला ते चालतं. खिडक्या-दारं असलेल्या डब्याला नाही.

मग कळंबोलीहून चौकोनी पाइप आणून फ्रेम नव्याने बांधली आणि बदल बॉडीवाल्याच्या नकाशात चढवून घेतला. मागे पक्के नटबोल्ट, पुढे स्प्रिंग घातलेले ब्रॅकेट, मध्ये रबराची पट्टी. चासीवर वेल्डिंग नाही आणि तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही, यावर मिस्त्री अडून बसले. मला तो हट्ट फार आवडला.

डब्याला पफचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचे, ५० मिलिमीटरचे पॅनेल आहेत. आतबाहेर जोडणारा लोखंडी पाइप कुठेच ठेवला नाही, नाहीतर मे महिन्यात तो तापतो आणि पावसाळ्यात आतून पाझरल्यासारखा ओला होतो. आतलं सुतारकाम आणि वायरिंग आम्ही दोघांनी शनिवार-रविवारी केलं. बारा व्होल्टची २०० एएच लिथियम बॅटरी साधारण अडीच युनिट वीज साठवते. फ्रिज, पंखा आणि दिव्यांना तेवढी पुरते. चासी वगळता साडेआठ लाख लागले.

वजनकाट्यावर मात्र तीनदा गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, म्हणजे दोन्ही ॲक्सलचा भार वेगवेगळा कळतो. दीडशे लिटरची पाण्याची टाकी मी अगदी मागे बसवली होती. भरली की दीडशे किलो मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबकळत. ती उचलून दोन ॲक्सलच्या मध्ये आणली.

गेल्या महिन्यात मुरबाडचा तोच खड्डा मुद्दाम शोधला. नवऱ्याने गाडी हळूच आत उतरवली, मी बाहेर ओणवी होऊन पाहत होते. चासीने पीळ घेतला, एका बाजूची स्प्रिंग दबली, फ्रेम चासीपासून बोटभर उचलली गेली. मी मागे गेले आणि दाराची कडी फिरवली. दार उघडलं.