सरांचा कुरल

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे पत्र आले तेव्हा विषय शोधावा लागला नाही. शनिवारच्या शेवटच्या तासाला आम्हांला ‘कुरल’ वाचून दाखवणारे मराठीचे सर डोळ्यांपुढे उभे राहिले आणि बाकी सारी शाळा त्यांच्यामागे झाकली गेली. त्यांचे नाव लिहिण्याची गरज नाही. त्या वर्षांतल्या प्रत्येक तुकडीला ते ठाऊक आहे.

प्राचीन तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा हा ग्रंथ सोलापूरच्या वर्गात आला तो साने गुरुजींमुळे. १९३०च्या सत्याग्रहात शिक्षा झाल्यावर ते त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तमिळशी जवळीक झालेल्या गुरुजींनी कुरल मराठीत आणला आणि त्याची जीर्ण प्रत सरांजवळ होती. १३३ प्रकरणे, प्रत्येकात दहा द्विपदी आणि मुळात एकेक द्विपदी, म्हणजे एकेक कुरल, अवघ्या सात शब्दांची! आधी सदाचार, मग राज्यकारभार आणि मैत्री, शेवटी प्रेम. प्रेमाचा भाग सरांनी आमच्या वयाकडे पाहून बाजूला ठेवला, पण मधल्या भागात ते महिनोन्महिने रमत.

आठवीत असताना नळदुर्गची सहल ठरली. वडील ज्या कारखान्यात मागावर जात, तो तेव्हा बंद होता. वर्गणीची वही घेऊन वर्गप्रमुख बाकाबाकापाशी थांबत, नावे मोठ्याने पुकारत चालला होता आणि माझ्या नावापुढची जागा कोरी होती. सर दारात उभे राहून ऐकत होते. ते कोणालाही रागावले नाहीत. फळ्यावर त्यांनी एक कुरल लिहिला, त्याचा भाव असा: राजदंड हाती असलेल्याने मागणे म्हणजे भाला रोखलेल्या वाटमाऱ्याने ‘दे’ म्हणणे. मग वर्गप्रमुखाला जवळ बोलावून त्यांनी विचारले, ‘‘बाळ, वही तुझ्या हातात आहे, मग समोरच्याला ‘नाही’ म्हणता येईल का?’’ वही मिटली. कपाटात एक डबा ठेवला गेला, ज्याला जमेल त्याने नाव न सांगता त्यात टाकायचे ठरले आणि नळदुर्गला सगळा वर्ग गेला.

त्या डब्यात माझ्या शेजारच्या मित्राने स्वतःची वर्गणी दोनदा टाकली होती, हे मला त्याच्या आईकडून फार वर्षांनी कळले. नेसूचे वस्त्र सुटू लागताच हात आपसूक तिकडे धावतो तशी मैत्री असते, असे कुरल सांगतो. पूर्व भागातल्या विणकरांच्या मुलांना हा दृष्टान्त समजावून द्यावा लागला नाही. मित्र घरी तेलुगू बोले, मी मराठी. पण त्याने मदत केली ती मला मागण्याची वेळ येण्याआधी, आणि न सांगता.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरायच्या सुमारास सर आम्हांला हुतात्मा चौकात नेत. १९३०च्या मे महिन्यात आपल्या शहरावर लष्करी कायदा लादला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले गेले. असह्य छळाने रडणाऱ्या प्रजेचे अश्रू हेच राजाचे वैभव झिजवणारे शस्त्र आहे, हा कुरल सर तिथे म्हणत आणि मग बराच वेळ काही बोलत नसत. चौघे चार निरनिराळ्या समाजांतले होते, याकडेही ते आमचे लक्ष वेधत.

पुढे मी महसूल खात्यात लागलो आणि तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. दुष्काळी गावांतल्या थकबाकीच्या याद्या समोर आल्या की फळ्यावरची ती ओळ आठवे आणि नियमात जितकी सवलत बसत असे तितकी सगळी मी शेतकऱ्याच्या पदरात टाकीत असे. माझ्या नोकरीत जे काही चांगले घडले असेल, ते सरांचे आहे.

आता गिरण्यांचे भोंगे थांबले, मुले आपापल्या व्हॅनमधून येतात आणि मूल्यशिक्षणाला प्रगतिपुस्तकात एक रकाना मिळाला आहे. रकान्याने सरांचा तास भरून निघेल असे मला वाटत नाही. त्या मित्राने आणि मी मिळून कुरलच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयाला द्यायचे ठरवले आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे: त्या कपाटात बंद राहू नयेत, आठवीच्या वर्गाला शनिवारचा शेवटचा तास पुन्हा मिळावा आणि वाचणाऱ्या शिक्षकांना त्या तासाला दुसरे कोणतेही काम लावू नये.