नव्व्याण्णव मेंढरं कुणाच्या भरवशावर?

(माजी विद्यार्थी, दहावी – मार्च १९९५)

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या बाजारात मुलीसाठी चपला बघत होतो. "सर, अमृतमहोत्सव आहे. पंधराशे शब्द द्या, शाळेविषयी गौरवपर." मी हो म्हटलं. गौरवपर जमेलच असं नाही, हे मात्र चपलांच्या घासाघिशीत सांगायचं राहिलं. तेव्हा जसं आठवतं तसं लिहितो. नावं मुद्दाम घालत नाही. बाई हयात आहेत, आणि स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना चालत नाही.

१९८९ च्या जूनमध्ये अण्णा मला घेऊन शाळेच्या फाटकापाशी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर माझी वळकटी आणि माझ्या हातात जर्मनचं ताट होतं. आमचं गाव गोदाकाठचं, पण रान वरच्या अंगाला, मुरमाड. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा आणि आई-अण्णा 'एक कोयता' होऊन नगर जिल्ह्याकडं ऊस तोडायला निघायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे मुकादमाच्या वहीत माणूस अर्धाच. उचल आधीच घेतलेली, त्यामुळं न जाण्याचा प्रश्नच नसायचा. आजी होती तोवर मी तिच्यापाशी राहायचो. ती गेली आणि मिशनच्या बोर्डिंगचा विषय निघाला. पारावर लगेच मतं पडली, "तिथं घालू नको, बाटवतेत पोरांना."

हेडसरांच्या खोलीत अण्णांनी तीच शंका जशीच्या तशी विचारली. "साहेब, बाटवता का तुमी?" हेडसर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी एक कागद पुढं केला. सकाळची प्रार्थना आणि आठवड्यातून दोन तास बायबलचा वर्ग. मुलाला बसवायचं की नाही ते पालकानं लिहून द्यायचं. न बसणाऱ्यांसाठी त्या तासाला वाचनालय उघडं. शासनमान्य शाळेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८ व्या कलमात आहे, ते मला पुढं डी.एड.ला कळलं. अण्णांना कलमाशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "प्रार्थनेनं काय पोरगं मरतंय व्हय? बसू द्या. जेवायला तेवढं येळंवर द्या." आणि अंगठा उठवला.

हेडसर स्वतः ख्रिस्ती. आठवीत त्यांनी आम्हांला जालन्याजवळच्या बेथेलची हकिगत सांगितली होती. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं निजामाच्या मुलखात येऊन ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांसाठी बेथेल वसवलं. मिशनच्या शाळेत एवढं सांगून कुणीही थांबलं असतं. हेडसरांनी त्यांच्या धाकट्या भावाचंही सांगितलं. श्रीपत अल्पवयीन. तोही मिशनऱ्यांकडं गेला, प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टानं त्याला आईबापाच्या हवाली केलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावरून गदारोळ झाला, आणि घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. "दोन्हीकडची मोठी माणसं भांडत होती," हेडसर म्हणाले. "पोराला काय वाटत होतं, ते कुणी विचारलं असेल का रे?" अण्णांच्या प्रश्नावर ते का हसले नव्हते, हे मला त्या दिवशी उमगलं.

आता मुख्य गोष्ट, सहावीतली.

आमच्या वर्गशिक्षिका बाई मराठी शिकवायच्या आणि बायबलचा तासही घ्यायच्या. गोष्ट सांगून झाली की तात्पर्य नाही. "यातलं काय पटलं नाही, ते सांगा," म्हणायच्या. पहिल्या पहिल्यांदा कुणी तोंड उघडायचं नाही. मग त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग सांगितला. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. "प्रश्न विचारत होता. तुम्हीही त्याच वयाचे. तुम्हांला काय झालंय?"

एका शुक्रवारी हरवलेल्या मेंढराची गोष्ट झाली. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला जातो. माझ्या बाकावरचा पोरगा धनगराचा. एरवी खाली मान घालून बसणारा. तो उभा राहिला.

"बाई, हे खोटं हाय."

"काय खोटं?"

"नव्व्याण्णव मेंढरं रानात टाकून कोण जातंय? लांडगा हाय की. एकापायी धा जातील. आदी वाघर लावायची, कुत्रं बसवायचं, राखायला माणूस ठिवायचा. मग जायचं."

वर्ग खो खो हसला. पुढच्या बाकावर पाळकसाहेबांचा मुलगा होता, त्याचे कान लाल झाले. बाईंनी खडू त्या पोराच्या हातात दिला आणि स्वतः येऊन त्याच्या जागेवर, माझ्या शेजारी बसल्या. त्यानं फळ्यावर वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळीचं कुंपण, काढली. जाळं, मेखा, कुत्रं कुठं बसतं, बिऱ्हाड कुठं पडतं, वारा कुठून येतो. बाईंनी हात वर केला, आम्ही करायचो तसा, आणि विचारलं, "शंभर रोज मोजता का?"

"मोजत न्हाईत. सांजचं मेंढरं आली की कोकरं सोडतेत. जेची माय आली न्हाई ते वरडत ऱ्हातंय. तेच्यावरून कळतंय कोण ऱ्हायलं."

बाई काही बोलेनात. आम्हांला वाटलं, आता मार. त्या एवढंच म्हणाल्या, "मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

सोमवारी हजेरी बदलली. नंबर पुकारणं बंद. प्रत्येकानं आपल्या शेजारच्याबद्दल सांगायचं. शेजारी आला असेल तर 'आहे'. नसेल तर का नाही, आणि माहीत नसेल तर दुपारच्या सुट्टीत माहीत करून घ्यायचं. सुरुवातीला आम्ही भरपूर चावटपणा केला. "याला हगवण लागली" वगैरे. महिन्याभरात मात्र कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाचा बाप दारू पिऊन पडलाय, हे बाईंना हजेरीतच कळायला लागलं.

त्याच दिवाळीला अण्णा मला "चार दिवसांसाठी" घेऊन गेले आणि परत पाठवलंच नाही. धाकटी बहीण आठ महिन्यांची होती. आई फडात, मी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. झोळीची दोरी ओढणं, पाणी आणणं, बैलांना वाढं टाकणं. शाळेची आठवण फार यायची असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिले पंधरा दिवस मजा वाटली.

एका रविवारी बाई आल्या. सोबत शिपाईमामा. एस.टी.नं यायचं तेवढं येऊन पुढं उसाच्या बैलगाडीवर बसून आलेल्या. पांढऱ्या साडीला पाचटाची कुसळं चिकटलेली. मी गाडीमागं लपलो. त्यांनी मला हाक मारली नाही. आईजवळ बसल्या, भाकरी-ठेचा खाल्ला, बहिणीला मांडीवर घेतलं. दिवसाला मोळ्या किती होतात, वजनकाट्यावर कोण उभं राहतं, अण्णांना एक एक विचारत राहिल्या. शाळेचा विषय शेवटी काढला.

अण्णा म्हणाले, "बाई, तुमचं समदं खरं हाय. पण हिला कोण धरील?"

बाईंकडं उत्तर नव्हतं. असतं, तर ही आठवण लिहायला मला जास्त आवडलं असतं. त्या मला न घेताच परत गेल्या. जाताना गणिताचं पुस्तक आणि दोन पेन्सिली दिल्या, आणि म्हणाल्या, "तुझ्या जागेवर तो कुणाला बसू देईना. काय सांगू त्याला?" मी म्हणालो, "येतो म्हणा." आणि मग, का कोण जाणे, "बाई, बोर्डिंगमधी कोण हाय?" असं विचारलं. त्या हसल्या. "मामींना बसवून आलेय. वाघर लावल्याशिवाय जाऊ नये म्हणतात."

मी परतलो तो पाडवा झाल्यावर. जागा रिकामी होती. बसलो, आणि बाकाच्या फळीखाली बोटांना खरखर लागली. वाकून पाहिलं तर कर्कटकानं कोरलेल्या रेघा. पाच-पाचाचे गठ्ठे, ओळीनं. शाळा भरली तो एकही दिवस सुटला नव्हता.

"हे काय?"

"तुझ्या नावानं रोज वरडलो," तो म्हणाला.

वार्षिक परीक्षेत मी जेमतेम तरलो. पुढच्या हंगामात बहिणीला मामाकडं ठेवलं आणि मी बोर्डिंगमध्ये टिकलो.

सगळं असंच गोड होतं असं नाही. बोर्डिंगला एक सर होते. शनिवारी वचनांचं पाठांतर त्यांच्याकडं. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, ज्याला सगळे प्रीतीचा अध्याय म्हणतात, तो बिनचूक म्हणायचा. शब्द गाळला की हातावर छडी. 'प्रीती सहनशील आहे' यातला 'सहनशील' गाळल्याबद्दल पाळकसाहेबांच्या मुलानं चार छड्या खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत. संमतीच्या कागदात हे पाठांतर नव्हतं, म्हणून आम्ही हिंदू पोरं सुटायचो. ख्रिस्ती पोरांना सुटका नव्हती. त्यांच्या श्रद्धेवर शाळेचा जास्त हक्क आहे असं धरलं जायचं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. बाईंनी स्टाफरूममध्ये आवाज चढवला होता, तो व्हरांड्यापर्यंत आला. छडी तरीही वर्षभर चाललीच.

आणि नाताळ. दिवाळीला घरी जाता न आलेल्या पोरांसाठी करंज्या, चकल्या नाताळला व्हायच्या. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाची चांदणी आम्हीच करायचो. नाटकात मेंढपाळ कोण, यावर चर्चा होत नसे. माझा बाकमित्र घरची घोंगडी आणि खरं कोकरू घेऊन यायचा. एका वर्षी ते कोकरू गव्हाणीतलं गवत आणि मरीयेच्या ओढणीचं टोक खाऊन बसलं.

नववीत किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली, आणि दगडमातीची घरं अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबादच्या गावांतली हजारो माणसं गेली. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी आमच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. तिची मावशी औशाकडची होती. तिनं विचारलं, "बाई, देव तेव्हा काय करत होता?" बाईंनी डोळे मिटले नाहीत की वचन काढलं नाही. वर्गात येऊन तो प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला. "मला उत्तर येत नाही. येईल तेव्हा पुसू." त्यांनी गहिवरून वगैरे काही केलं नाही. ज्वारी आणि चादरी गोळा करायची यादी केली आणि आम्हांला दारोदार पाठवलं. दिवाळीपर्यंत तो प्रश्न फळ्यावर होता. गणिताचे सर त्याच्याखाली समीकरणं सोडवायचे, पण डस्टर कधी त्या कोपऱ्याला लागलं नाही.

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ज्ञानरचनावादाची, बालककेंद्री शिक्षणाची प्रशिक्षणं झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं छडी बंद केली, हे फार बरं झालं. आमच्या गावात ऊसतोडीच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहही चालतं. अण्णांच्या प्रश्नाला सरकारनं थोडं तरी उत्तर दिलं म्हणायचं. ऑनलाइन हजेरी भरतोच, पण त्याआधी पाच मिनिटं शेजाऱ्याची हजेरी घेतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हा कुठला उपक्रम?" मी म्हटलं, "मेंढक्यांचा." त्यांनी लिहून घेतलं.

एक गोष्ट राहिली. माझा बाकमित्र सातवीनंतर शाळेत आलाच नाही. वडिलांचा पाय मोडला आणि खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, त्याच्याकडं आलं. बाई त्याच्याही मागं गेल्या, दोनदा. धनगराचं बिऱ्हाड आज इथं तर उद्या तिथं. एकदा गाठ पडली, तो नाही म्हणाला. आठवीत माझ्या शेजारी दुसरा पोरगा बसला आणि माझा शेजारी 'आहे' असं मी पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झालो. बाकाखाली मी त्याच्या नावाची एकही रेघ ओढली नाही.

उन्हाळ्यात तो आमच्या शिवारात मेंढरं बसवायला येतो. यंदा आला तेव्हा रात्री वाघरीपाशी बसलो होतो. स्मरणिकेचं सांगितलं. म्हटलं, तुझ्यावर लिहितोय, चालेल का? त्यानं बराच वेळ कुत्र्याच्या मानेवरचे गोचीड काढले.

"लिही की," तो म्हणाला. "पण नव्व्याण्णवचं नीट लिही. बाई अजून ती गोष्ट सांगत असतील तर पोरं ऐकतेत. उघड्यावर टाकून जात न्हाईत म्हणावं."