साप दिसला तर मारायचा की सोडायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पावसाळा तोंडावर आला आणि बडोद्याजवळच्या पावागढ-जांबुघोड्याच्या रानातल्या भटकंतीसाठी माझ्याकडे नावं यायला लागली की हा प्रश्न येतोच. "ताई, वाटेत साप निघाला तर काय करता? काठी असते ना जवळ?" विचारणारे बहुतेक बडोद्यातल्या दांडिया बाजार, वाडी, रावपुऱ्याकडचे आईबाबा असतात. मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदाच एकटी रानात जाणार असते, त्यामुळे काळजी खरी असते.

काठी असते. पण ती गवतात पुढे आपटत चालण्यासाठी. साप मारायचा नाही, हे माझं उत्तर आहे आणि भटकंतीला येणाऱ्या कुणासाठीही मी त्यात फरक करत नाही. मात्र एवढंच सांगून थांबले तर उत्तर अर्धवट राहतं. 'मारू नका' ऐकल्यावर काहीजण साप धरायला जातात, आणि तेही तितकंच जिवावर बेतणारं असतं.

आधी मारण्याविषयी. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका, फार तर निम्म्याइतका पुढे झेपावू शकतो. चार फुटांची घोणस धरली तर तिचा टप्पा दोन फुटांच्या आत. तुम्ही दोन मीटर मागे सरकलात की धोका संपला. याउलट हातातली काठी असते तीन-चार फुटांची. ती मारायची तर सापाच्या टप्प्याच्या काठावर जाऊन वाकावं लागतं. पहिला घाव क्वचितच नेमका बसतो आणि मग समोर असतो तो जखमी, कोंडीत सापडलेला प्राणी. डोकं धडापासून तुटून वेगळं झालं तरी ते काही वेळ चावू शकतं, म्हणून मेलेला साप उचलणंही सुरक्षित नाही. जी गोष्ट चार पावलं मागे येऊन मिटते, तिच्यासाठी जीव धोक्यात घालायचं मला एकही कारण दिसत नाही.

दुसरं म्हणजे, मारला जातो तो कोण? आपल्या भागात माणसाला मारू शकतील असे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बोडेली-जांबुघोड्याकडचे शेतकरी मण्यारीला काळोतरो म्हणतात आणि घोणशीला खडचितळो. गावात विचारपूस करताना ही नावं ठाऊक असलेली बरी. पण दिवसाढवळ्या, वाटेवर दिसते ती बहुतेकदा धामण. लांब, चपळ, दिसायला भारदस्त, आणि पूर्ण बिनविषारी. तिच्या लांबीमुळेच तिचा घात होतो. उंदरांवर जगणारी ही धामण शेतकऱ्याचं धान्य राखते, आणि 'मोठा नाग निघाला' या आरडाओरड्यात तीच सर्वांत आधी मारली जाते. पाणवठ्यावर दिसणारा दिवड, झाडाझुडपांतला तस्कर, घराच्या भिंतीवर चढणारा कवड्या, हेही असेच फुकट जातात.

कवड्या आणि मण्यार यांची गल्लत तर नेहमीची. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात; मण्यारीचे पांढरे बारीक पट्टे उलट शेपटीकडे स्पष्ट असतात. हे मी मुलांना चित्रावर दाखवते. रानात वाकून पट्टे तपासायला मात्र सक्त मनाई. ओळखता येवो न येवो, अंतर तेवढंच ठेवायचं.

आता धरण्याविषयी, कारण हल्ली मला याचीच जास्त भीती वाटते. वीस-बावीस वर्षांची, मनाने चांगली, प्राण्यांवर प्रेम करणारी मुलं असतात. साप दिसला की त्यांना तो 'रेस्क्यू' करायचा असतो, शेपटीने उचलायचा असतो, फोटो काढायचा असतो. अरे, रानात बसलेल्या सापाला कशापासून वाचवणार? तो त्याच्याच घरात आहे. शहरातल्या घरात साप शिरला तर गोष्ट वेगळी. तिथे वनखात्याला किंवा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांना बोलवायचं आणि ते येईपर्यंत लांबून सापावर नजर ठेवायची. बडोद्यात अशी माणसं आहेत आणि त्यांचं काम फार मोलाचं आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, मगरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा ती माणसं किती झटली हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण ते शिकलेलं काम आहे, त्याला हुक लागतो, पिशवी लागते, सोबती लागतो. आणि सापाला उचलून दहा-वीस किलोमीटरवर सोडणं हे सापावर उपकार नाहीत. त्याची ओळखीची बिळं, पाणी, भक्ष्य सगळं सुटतं, तो नव्या जागी जास्त भटकतो आणि त्याच्या तगण्याची शक्यता घटते. सोडून द्यायचं म्हणजे हात न लावता, वाट न अडवता, जिथे आहे तिथेच राहू द्यायचं.

कायदाही तेच सांगतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सापांना लागू आहे, जांबुघोडा तर अभयारण्यच आहे, तिथे साप मारणं किंवा धरणं हा सरळ गुन्हा. पण कायद्याच्या धाकाने कुणी काठी खाली ठेवली असं मी फारसं पाहिलेलं नाही. टप्प्याचं गणित सांगितलं की मात्र ठेवतात.

आपल्या बडोद्यात एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नवी वाटते. आपल्याकडे नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला. त्या दिवशी विळी-चाकू चालवायचा नाही, तवा चढवायचा नाही, पुरणाचे दिंड उकडायचे. शेजारच्या गुजराती बेनकडे नागपांचम येते त्यानंतर पंधरा दिवसांनी, वद्य पंचमीला, आणि त्यांच्याकडे बाजरीच्या पिठाची, तूप-गुळाची कुलेर असते. म्हणजे एकाच जिन्यात, एकाच महिन्यात नाग दोनदा पुजला जातो. आणि त्याच श्रावणात सोसायटीच्या मागे धामण निघाली की सगळे जिने काठ्या घेऊन खाली उतरतात. माझ्या मनाला हे दरवर्षी लागतं. माझी आजी पंचमीला नांगर धरू देत नसे, कारण जमिनीखाली कुणीतरी आहे हे तिला मान्य होतं. तेवढी मान्यता उरलेल्या दिवसांतही असावी, एवढंच माझं मागणं.

यावर कुणी म्हणेल, ताईंना सापाचा कळवळा, माणसाचा नाही. तसं नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांत, आणि त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमध्ये. हे आकडे मी भटकंतीच्या आधीच्या बैठकीत सांगते, लपवत नाही. म्हणूनच दंश झाला तर काय करायचं हे प्रत्येकाकडून वदवून घेते. माणसाला बसवायचं, धीर द्यायचा, चालू द्यायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ, बूट काढायचे, कारण सूज चढते. दंशाचा हात किंवा पाय फळीला किंवा काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा. चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, दोरीने आवळायचं नाही. 108 ला फोन आणि थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय. आपल्या शहरात सयाजी हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहे. रानातून निघताना जवळचं ठिकाण कुठलं, हे मी आधीच विचारून ठेवते.

इथे आणखी एक समज काढून टाकायला हवा. 'डॉक्टरला दाखवायला साप लागतो' म्हणून लोक दंशानंतर सापामागे धावतात, अर्धा तास घालवतात, आणि कधीकधी दुसऱ्यालाही दंश होतो. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष त्या चारही सापांवर चालतं. डॉक्टर लक्षणं पाहतात, रक्त गोठतंय का ते वीस मिनिटांच्या चाचणीत तपासतात. साप नेण्याची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर तोही नको. शिवाय हे औषध बनतं ते सापाच्याच विषापासून. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची सहकारी संस्था 1978 पासून आहे. ते साप पकडतात, विष काढतात आणि सापांना पुन्हा रानात सोडतात. देशातल्या प्रतिविषाच्या कारखान्यांना बरंचसं विष तिथून जातं.

गावांत साप चावला की भाथीजी महाराज या लोकदेवाच्या नावाने दोरा बांधतात. त्या श्रद्धेशी मी भांडत नाही. गाडीत बसल्यावर बांधा म्हणते. दोऱ्यासाठी गाडी थांबता कामा नये.

मुक्कामाचे नियमही यातूनच येतात. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. सरपण आणि दगड आधी काठीने हलवायचे, हात नंतर. बूट झटकून घालायचे. तंबूची चेन कायम बंद. उरलेलं जेवण उघड्यावर टाकायचं नाही, कारण त्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पावागढच्या खडकाळ उतारावर हात टेकायच्या आधी बघायचं, तिथे फुरसं असू शकतं. ते वीतभर-हातभर लांबीचं असतं, सहज नजरेतून सुटतं. पण अंगाच्या खवल्या घासून करकर आवाज करतं. तो आवाज आला की जागीच थांबायचं, कुठून येतो ते पाहायचं आणि मागे फिरायचं.

एका माणसाला मात्र मी 'मारू नका' असं तोंड वर करून सांगू शकत नाही. जांबुघोड्याजवळच्या पाड्यावरच्या एका राठवा शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "बेन, तुमच्या पायात बूट आहेत. माझी पोरं जमिनीवर झोपतात. रात्री काळोतरो आला तर मी काय करू?" त्याचं बरोबर होतं. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दंश पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, तेव्हा कळतं. आपण हौसेने रानात जातो, टॉर्च घेऊन, गाडी घेऊन, आणि दोन दिवसांत परत येतो. आपल्याला साप मारायला काहीच सबब नाही. तो शेतकरी तिथेच राहतो. त्याला उपदेश करण्याआधी त्याचं पोर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्याने मण्यारीचा दंश बऱ्याच अंशी टळतो. केंद्र सरकारने 2024 मध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा कृती आराखडा जाहीर केला आहे. तो पाड्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचो, मच्छरदाणी आजही नेता येते.

तेव्हा यंदा मुलांना पाठवणार असाल तर पाठवा, मी आहे. घोट्याच्या वर येणारे बूट द्या, नवे सेल घातलेला टॉर्च द्या. आणि घरात न फाटलेली, वापरात नसलेली मच्छरदाणी असेल तर तीही पिशवीत घाला. आम्ही त्याच पाड्यावर मुक्कामाला जातो.